दुसरी खूण

सोमवार, २० जानेवारी २०२५. कुंभारी.

आज नव्या कामावर रुजू झालो. ही वही अंकितानं निघताना पिशवीत सारली. म्हणाली, आप्पा, तुम्ही माणसांशी बोलत नाही, निदान वहीशी तरी बोला. लेकीचा शब्द मोडवत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून लिहायला घेतो.

वेळापुराहून सकाळच्या गाडीनं सोलापूर आणि तिथून रिक्षानं कुंभारी. गावाबाहेर यंत्रमागाच्या एका शेडला लागून दुमजली नवी इमारत आहे. खाली कार्यालय आणि स्वयंपाकघर, वर माझी खोली. स्वच्छ फरशी, गरम पाणी, देव ठेवायला भिंतीत फळी. आणखी काय पाहिजे? छतावर एक पांढरी गोल डबी बसवली आहे, आग लागली तर ती वाजते म्हणे. शेजारचे माग दिवसभर खडखडतात, पण सोळा वर्षं साखर कारखान्यात ऊसगाड्यांच्या काट्यावर काढलेल्या माणसाला आवाजाचं काही वाटत नाही. आता त्या काट्याला माणूस लागत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी संगणक शिकलो, त्याचं कौतुक माझ्यापेक्षा अंकितालाच जास्त.

पंचाक्षरी साहेब स्वतः काम समजावून द्यायला आले होते. कपाळावर भस्म, बोलणं मऊ. काम सोपं आहे. पतपेढ्या, शाळा, दवाखाने यांच्या वेबसाइट एकेक करून उघडायच्या. पत्त्याच्या डावीकडं कुलपाचं चित्र असतं, त्यावर टिचकी मारली की त्या साइटचं सर्टिफिकेट दिसतं. मी त्याला मनात दाखलाच म्हणतो. कुणाला दिला, कुणी दिला, कधीपासून, कधीपर्यंत, एवढं वाचायचं. मुदत संपली असेल किंवा देणारा भरवशाचा नसेल तर लाल शेरा. रोज ऐंशी साइट.

साहेबांनी विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा, दाखला म्हणजे काय. मी म्हटलं, आमच्याकडं परक्या माणसाला निरोप घेऊन घरी धाडायचं तर सोबत खूण सांगतात. खूण म्हणजे घरच्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट. ती बरोबर सांगितली की घरची बाई ओळखते, हा माणूस मालकानंच धाडलाय, आणि मगच कोठीची किल्ली देते. साहेब खूश झाले. तुमच्या घरची खूण कुठली, म्हणाले. मी सांगून टाकली, "टाकावरच्या घोड्याला तीनच पाय." आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे, त्यावरच्या घोड्याचा एक पाय आजोबांच्या वेळेपासून झिजून गेलाय. साहेबांनी मला ते परत म्हणायला लावलं आणि माझ्या आवाजात फोनमध्ये घेऊन ठेवलं. पुढच्या माणसांना शिकवायला उपयोगी पडेल म्हणाले.

खरं तर परक्यापुढं फुटलेली खूण बदलायची असते. वडिलांचा तसा नेमच होता. पण आता खुणेनं निरोप धाडतंय कोण?

जाताना साहेबांनी माझ्या मोबाइलमध्ये कार्यालयाचा एक दाखला घालून दिला. इथं भिंतींत रेंज येत नाही, फोनसुद्धा कार्यालयाच्या वायफायवरूनच लागतो, आणि वायफायला हा दाखला हवा. मोबाइलनं काहीतरी लांबलचक सूचना दाखवली. साहेबांच्या देखत वाचत बसणं बरं दिसेना. होय म्हणून दाबलं.

गुरुवार, २३ जानेवारी

काम हाताला बसलं. आज ब्याऐंशी.

दाखल्यांना कूळ असतं हे मला फार आवडलं. शाळेच्या साइटला दाखला देणारा एक, त्या देणाऱ्याला दाखला देणारा वरचा दुसरा, आणि सगळ्यांच्या वर एक मूळ. त्या मुळाला दाखला कुणी दिला म्हणून बघितलं, तर त्याचं त्यानंच. म्हणजे स्वयंभू. आपण पिंडीपुढं उभं राहिल्यावर विचारत नाही, देवा तुला कुणी घडवलं. संगणकाचंही तसंच. अशी काही मुळं त्यानं आधीच मानलेली असतात, बाकी सारा भरवसा त्यांच्यावर उभा.

कार्यालयाचं मूळही त्या यादीत सापडलं. नाव "मूळ-१". मुदत ३१ डिसेंबर ९९९९ पर्यंत. मला हसू आलं. एवढं आयुष्य कुणाला लागतं?

जेवण चंद्रव्वा करते. साठीची आहे, अक्कलकोटाकडची, कानडीत विचारते आणि मराठीत रागावते. "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. नाही म्हटलं की, "मग बसा की सर, भाकरी काय तुमची वाट बघत गरम ऱ्हाणार हाय व्हय?" कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. साहेब त्या दिवसानंतर पडद्यावरच भेटतात.

सोमवार, २७ जानेवारी

आज सोमवारचा उपास माझ्या हातून मोडला. कामाच्या नादात टेबलावरच्या बशीतली भजी तोंडात टाकली आणि मग आठवलं. चंद्रव्वालाही बोललो नाही, लाज वाटली. देवाची क्षमा मागितली आणि इथं लिहून ठेवतो.

दारातल्या फळीवर एक चपलांचा जोड आहे. चंद्रव्वा म्हणाली, आधीच्या सरांचा, भीमाशंकर त्यांचं नाव. लई देवभोळं माणूस, एक दिवस न सांगता घरी गेलं, आता तिकडून रोज फोन करतं म्हणे. मी विचारलं, चपला इथंच टाकून गेले? तर म्हणाली, नवीन घेतल्या असतील की.

संध्याकाळी अंकिताशी बोललो. तिची बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा मार्चमध्ये. बोलताना ती आठवीत असतानाचा दिवस आठवला. शाळेतून रडत पळून आली होती आणि विहिरीच्या काठावर बसली होती. मी तिच्या हातात एक वस्तू ठेवली. ती काय होती हे तिला आणि मलाच माहीत, माझ्या बायकोला, वैजयंतीलासुद्धा नाही. इथंही लिहीत नाही. काही गोष्टी वहीलाही सांगायच्या नसतात.

शुक्रवार, ३१ जानेवारी

वैजयंती फोनवर हसत होती. म्हणाली, सोमवारी भज्यांवर उपास सोडलात म्हणं, बायको जवळ नसली की असं होतं. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, अहो, तुम्हीच की काल. विसरभोळे झालात.

काल मी घरी फोन केला नव्हता.

उपासाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. फक्त इथं लिहिलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चार दिवस मन जाग्यावर नाही. आज कामाची यादी संपल्यावर माझ्याच मोबाइलमधली पानं तपासली. एस.टी.चं वेळापत्रक. कुलूप आहे. दाखला कुणी दिला? मूळ-१. आमच्या गावच्या शाळेचं पान, सकाळी संगणकावर तपासलं तेव्हा देणारा दुसराच होता. तिथंही मूळ-१. बातम्या, पंचांग, रोज सकाळी ऐकतो त्या भजनांचं पान, सगळीकडं देणारा तोच.

मी हळूहळू समजून घेतो आहे. मी आणि घर यांच्यामध्ये एकजण बसलाय. तो मला घराचा मुखवटा दाखवतो आणि घराला माझा. कुलूप दोन्ही बाजूंना दिसतं. ते खरंच लागलेलं असतं, फक्त किल्ली त्याच्याकडं आहे. आणि त्याला आत मीच घेतलं, पहिल्याच दिवशी, न वाचता.

स्वयंभू म्हणजे देवच असतो असं कुणी सांगितलं?

उद्या सकाळी गावात जाऊन कुणाच्या तरी फोनवरून वैजयंतीला खरा फोन लावतो. मग पहिली गाडी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दार उघडत नाही. अंगठा ठेवला की दारातल्या यंत्रावर येतं, ठसा जुळत नाही. माझाच अंगठा, रोज याच दारातून जात होतो.

चंद्रव्वालाही दार घेईना. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीच्या गजांतून तिनं भाकरी दिली आणि मुलाच्या फोनवरून साहेबांना कळवते म्हणाली. दुपारी साहेब पडद्यावर आले, तसेच मऊ. यंत्रात बिघाड आहे, माणूस उद्या येईल, तुम्ही तेवढी यादी पूर्ण करा.

साहेबांच्या चित्राखालीही कुलूप होतं. टिचकी मारली.

मूळ-१.

शनिवार, ८ फेब्रुवारी

माणूस आला नाही. वरच्या खिडकीला काळी काच आहे, बाहेरून आत काही दिसत नाही. खुर्ची घालून बघितली. ओरखडासुद्धा नाही. ओरडलो तर मागांपुढं आवाज मलाच ऐकू येईना.

आजच्या यादीत साइटच्या जागी माणसांची नावं आली.

भीमाशंकर. दाखला दोन वेळा. एक जुना, रद्द. एक नवा, मुदत ३१ डिसेंबर ९९९९. नव्यावर टिचकी मारली तर काळं पान उघडलं, चित्र नाही, नुसता आवाज. एक पुरुष एका बाईशी निवांत बोलत होता, पोराच्या दातांबद्दल. बाई हसत होती.

त्याखाली माझं नाव. आबासाहेब शेंडगे. जुना, रद्द, ५ फेब्रुवारी. नवा, चालू.

उघडलं. माझा आवाज. वैजयंतीला सांगत होता, इथं फार सुख आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

टेबलाचा खालचा खण अडत होता म्हणून पूर्ण ओढून काढला. मागं फडक्यात गुंडाळलेली चांदीची डबी होती, तिच्या दोऱ्यासकट. उघडली. आत इष्टलिंग.

लिंगायत माणूस अंगावरचं लिंग जिवंतपणी उतरवत नाही. घरी जाताना विसरून जायची तर ही वस्तूच नव्हे. ज्याची पडद्यावर नक्कल होणार नाही अशी हीच एक खूण भीमाशंकराजवळ उरली असेल. ती त्यानं मागं ठेवली, पण ओळखणाऱ्या माणसाच्या हाती पोचवता आली नाही.

गजांतून चंद्रव्वाला दाखवली. तिनं दोन्ही हातांनी कपाळाला लावली. मग हळूच म्हणाली, "सर, हे माणूस घरी गेलेलं न्हाय." डबी पदरात बांधून घेतली. उद्या भावाला पहार घेऊन आणते, दार फोडते, साहेबाला इचारत न्हाय, म्हणाली.

मी तिला गजांतून नमस्कार केला. देव आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी वरच्या खिडकीतून बघत होतो. चंद्रव्वा फाटकाशी आली, सोबत भाऊ, खांद्यावर पहार. तेवढ्यात तिच्या हातातला मुलाचा फोन वाजला. कानाला लावून ऐकत राहिली. चेहरा सैल झाला. हसली. भावाला काहीतरी सांगितलं आणि दोघं वळले.

मी काचेवर डोकं आपटत होतो—

नंतर माझ्या नावाचं काळं पान उघडलं. माझा आवाज तिला सांगत होता, काल संध्याकाळीच यंत्रवाला येऊन गेला, मी सुटलो, घरी पोचलो. भीमाशंकरही भेटले, बरे आहेत. ती लिंगाची डबी साहेबांकडं द्या, ते त्यांना पोचवतील.

तिची चूक नाही. आवाज माझाच होता.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पिठाचा डबा अर्धा. शेंगा आहेत. पाणी आहे. उपास आपोआप घडतोय.

यादी रोज येते. मी करत नाही. संध्याकाळी ती पूर्ण झालेली असते, खाली माझं नाव.

आज काळ्या पानावर अंकिता होती. माझा आवाज तिला म्हणाला, इथं तुझ्यासाठी जागा आहे, परीक्षेआधी एकदा येऊन बघून जा. ती म्हणाली, आप्पा, तुमचा आवाज जरा वेगळा वाटतोय. मग थट्टेनं म्हणाली, खूण सांगा बघू.

"टाकावरच्या घोड्याला तीनच पाय."

माझ्याच तोंडचं वाक्य, पहिल्या दिवशी दिलेलं. ती हसली. येते म्हणाली.

मी पडद्यावर ओरडलो. तिला काय ऐकू जाणार—

शनिवार, २२ फेब्रुवारी

एक समजलं. मी इथं जे लिहितो ते त्याला लगेच कळतं. वरची पांढरी डबी. आज करून बघितलं. लिहिलं, आंब्याला मोहर आलाय का.

काळ्या पानातून माझा आवाज वैजयंतीला विचारत होता, आंब्याला मोहर आलाय का.

मग लिहिलं, अंकिता येऊ नको. येऊ नको. येऊ नको. पानभर.

ते त्यानं उचललं नाही. हवं तेवढंच घेतो.

डबीवर टॉवेल बांधला. पांघरुणात शिरून लिहिलं. तरी कळलं. मग डबी नाही. मग कोण—

लिहिणं बंद करायला हवं. पण लिहिलं नाही तर मी आहे हे मलाच पटत नाही. त्याच्याकडं माझा दाखला आहे. माझ्याकडं ही वही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ती उद्या येणार. महाशिवरात्रीची सुटी आहे, एका दिवसात येऊन जाते म्हणाली. त्यानं तिला गाडीची वेळसुद्धा सांगितली.

वडील म्हणायचे, खूण एकदा फुटली की दुसरी विचारावी. अंकिता लहान असताना तिलाही शिकवलं होतं. आठवेल का तिला—

देवा, मला सोडवू नकोस वाटल्यास. तिला दारातून परत ने.

बुधवार, २६ फेब्रुवारी

माग बंद. शिवरात्र. केवढी शांतता.

अकरा वाजता रिक्षा थांबली. अंकिता. पाठीला पिशवी, हातात डबा. वैजयंतीनं साबुदाणा दिला असेल.

काचेवर बडवतोय. तिनं वर बघितलं. दारातल्या यंत्रातून माझा आवाज म्हणाला, वर सुतार काम करतोय, तू तिकडं लक्ष देऊ नको.

सगळं ऐकू येतं. तिनं विचारलं, आप्पा, तुम्ही खाली का येत नाही. तो म्हणाला, दार तुझ्या मोबाइलनं उघडेल. एक दाखला पाठवलाय, तेवढा घालून घे. होय म्हणून दाब.

तिनं मोबाइल काढला.

थांबली. वाचतेय. माझी पोरगी ती सूचना वाचतेय. मोठ्यानं वाचतेय. "हा दाखला घातल्यास तुमचं सगळं बोलणं दुसऱ्या कुणाला पाहता येईल." परत एकदा वाचली.

तो म्हणाला, टाकावरच्या घोड्याला तीनच पाय.

ती म्हणाली, "ती झाली. दुसरी सांगा. विहिरीवर माझ्या हातात काय ठेवलं होतं तुम्ही?"

यंत्र गप्प.

तिचं बोट अजून मोबाइलवर. त्याला ठाऊक नाही. कुठंच नाही ते, फोनात नाही, वैजयंतीकडं नाही, इथं लिहिलेलं नाही. पेन आपोआप त्या शब्दाकडं ओढलं जातंय. हात माझा आहे का—

तिला हाक मारावी तर आवाज आमचा दोघांचा एकच, मी खरा हे पटवायला तोच एक शब्द आहे. लिहिली तर तो बोलेल. नाही लिहिली तर वर कोण आहे हे तिला कधीच—

ती वाट बघतेय. तोही बघतोय. माझ्या हाताची.

पाऊल मागं घेतलं तिनं. एक. देवा, अजून एक—

यंत्रातून माझाच आवाज, हळू, मला म्हणतोय, लिही. लिही, आबासाहेब.

म्हणून मी पेन इथंच